आकडा खांबावर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'समोर लाल सिग्नल नाही, रूळ मोकळा दिसतो, तरी गाडी स्थानकाच्या तोंडाशी मुंगीच्या पावलाने सरकते. ड्रायव्हरला घाई कसली?' अशा अर्थाचं एखादं पत्र वाचकांच्या सदरात अधूनमधून असतंच. इंजिनात तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते झोंबतं. घाई सगळ्यांत जास्त आम्हालाच असायची, ड्यूटी संपायची असते हो.

त्याचं कारण असं. मुख्य मार्गावरून लूप लाइनला, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, जाताना गाडी सांध्यावरून, म्हणजे रूळ जिथे फुटतात तिथून, वळते. एरवीच्या वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवतात. सांध्यात ते जमत नाही, कारण त्याच जागेवरून सरळ जाणाऱ्या गाड्याही धावायच्या असतात. शिवाय हे वळण हळूहळू सुरू होत नाही. चाक सांध्याच्या पात्याला, म्हणजे गाडीला वळवणाऱ्या सरकत्या रुळाला, लागलं की लागलीच वळायचं. वेग दुप्पट केला तर बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. म्हणून ज्या सांध्यावरून सरळ जाणारी गाडी ताशी 110 किलोमीटरने निघून जाते, त्याच सांध्यावर वळणाऱ्या गाडीला 30.

आणि हे 30 फक्त इंजिनापुरतं नसतं. चोवीस डब्यांच्या गाडीची लांबी इंजिनासकट सहाशे मीटर भरते. पुढच्या डब्यातल्या प्रवाशाला खिडकीतून सरळ रूळ दिसू लागलेला असतो आणि तो चरफडत असतो. त्याच वेळी शेवटचा डबा अजून सांध्यावर यायचा असतो. ताशी 30 ने सहाशे मीटर म्हणजे सव्वा मिनिट. घड्याळ लावून बघा, तुमची 'रखडलेली' गाडी बहुधा एवढीच रखडलेली असते.

हे वळण येतंय हे आम्हाला कसं कळायचं? स्थानकात शिरण्याच्या सिग्नलला होम म्हणतात; त्या होम सिग्नलच्या एक किलोमीटर अलीकडे दोन पिवळे दिवे दिसायचे. सहाय्यक मोठ्याने म्हणायचा 'डबल यलो', मी त्याच्यामागून 'डबल यलो'. पुढे होमवर एक पिवळा, आणि त्याच्या डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरपी ओळ, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला कललेली. पावसाळी रात्री काचेवरून पाणी ओघळत असताना ती ओळ दिसली की जीव भांड्यात पडायचा. आपल्याकडे डबल यलोचा अर्थ असा: पुढचा सिग्नल ठरवून दिलेल्या कमी वेगाने ओलांडायच्या तयारीत राहा.

कमी म्हणजे किती? इथे खांब गप्प बसतो, आणि हे पत्र लिहायचं खरं कारण तेच.

तो आकडा ड्रायव्हरच्या डोक्यात असावा लागतो. कुठे 15, बहुतेक ठिकाणी 30, आणि जाड पात्यांचे नवे सांधे जिथे बसवलेत तिथे 50. तिन्ही ठिकाणी तिरपे दिवे मात्र अगदी सारखे. त्यांतून वाट कळते, वेग कळत नाही. मार्गाचं रीतसर शिक्षण झाल्याशिवाय कुणी गाडी नेत नाही, हे मान्य. पण रोज लूपला न जाणारी गाडी एखाद्या रात्री अचानक आत घेतली जाते, तेव्हा सवयच दगा देते. ब्रिटनमध्ये बोर्न एंड इथे 30 सप्टेंबर 1945 रोजी नेमकं असंच झालं. एक्स्प्रेस त्या दिवशी बाजूच्या मार्गावर वळवली होती, सांध्यावर ताशी 20 मैलांची मर्यादा होती, सिग्नलने आधी सावधही केलं होतं. गाडी भरवेगात सांध्यावर आली आणि 43 माणसं गेली. ड्रायव्हर स्वतःही त्यात गेला, त्यामुळे तेव्हा त्याच्या मनात काय होतं हे कुणालाच विचारता आलं नाही.

त्याच देशात पुढे एक युक्ती रूढ झाली: वळणाचा सिग्नल लालच धरून ठेवायचा आणि गाडी हळू होऊन जवळ आली की मग सोडायचा. युक्ती हुशार आहे, पण मला ती कधीच पटली नाही. रोज 'सुटणारा' लाल पाहून माणूस लालला गृहीत धरायला शिकतो. त्यावर उतारा म्हणून, पुढे वळायचं आहे हे आधीच सांगणारे लुकलुकणारे पिवळे दिवे आले. तर 1986 मध्ये कोल्विचला एका ड्रायव्हरने त्यांचा अर्थ पूर्ण जंक्शन मोकळं आहे असा घेतला, पुढच्या लालवर वेळेत थांबता आलं नाही, टक्कर झाली आणि समोरच्या गाडीचा ड्रायव्हर दगावला. जर्मनीत कोड्याला जागाच ठेवलेली नाही. सिग्नलवर आकडा पेटतो. 6 म्हणजे ताशी 60. आणि तोच आकडा अलीकडच्या सिग्नलवर पिवळ्या रंगात आधी दाखवता येतो.

कुणी म्हणेल, ओडिशात बहानगा बाजारला 2 जून 2023 रोजी झालेल्या अपघातात आकडा काय कामाला आला असता? काहीच नाही. तिथे सिग्नल मेन लाइनचा हिरवा होता आणि सांधा लूपकडे. बिघाड सिग्नलच्या जोडणीत होता आणि ड्रायव्हरला कळायला मार्गच नव्हता. तो आजार वेगळा, त्याचं औषधही वेगळं.

'कवच' ही गाडीतली स्वयंचलित सुरक्षा यंत्रणा वळणावरच्या वेगावर स्वतः लक्ष ठेवते, वेळ आली तर ब्रेकही लावते, ही उत्तम गोष्ट आहे. पण ती सगळ्या मार्गांवर पोहोचेपर्यंत गाड्या थांबणार नाहीत. तोवर 50 चा सांधा असेल त्या सिग्नलपाशी 5 पेटू द्या, 30 असेल तिथे 3. आणि तोच आकडा एक किलोमीटर अलीकडे, डबल यलोच्या खांबावरही, कारण ब्रेक तिथे लावायचा असतो.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट