इरिनोटेकॅन शिरेतून गेलं, पण आपला शब्द कुठे गेला? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मागच्या अधिवेशनात आपण सभागृहात उभं राहून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. केमोथेरपी देणाऱ्या प्रत्येक केंद्रात रुग्णांसाठी रात्रंदिवस चालू असलेला फोन असेल, ही एक. ज्या औषधाआधी जनुकीय तपासणी करता येते, ती झाल्याशिवाय पहिला डोस दिला जाणार नाही, ही दुसरी. मोठ्या आतड्याचा माझा कर्करोग यकृतात पसरल्याचं तेव्हा नुकतंच कळलं होतं. आपल्या बोलण्याने मला धीर आला होता. फोन आला नाही, तपासणीही आली नाही. औषध तेवढं आलं, आणि त्यात मी मरता मरता वाचले.

मला इरिनोटेकॅन हे केमोचं औषध सुरू झालं, फ्लुरोयुरॅसिल या दुसऱ्या केमोच्या औषधाच्या जोडीने. सलाईन चालू असतानाच घाम फुटला, तोंडात लाळ दाटली, पोटात कळा आल्या. सिस्टरांनी लगेच ॲट्रोपिन दिलं आणि थोड्या वेळात सगळं शांत झालं. त्यांनी त्यांचं काम चोख केलं, हे मी आवर्जून लिहिते. मला वाटलं, व्हायचं ते होऊन गेलं. हे औषध दोनदा गाठतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिले जुलाब चोवीस तासांच्या आतले. दुसरे त्यानंतरचे, बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमाराचे, म्हणजे रुग्ण घरी असताना, आणि जीव घेणारे असतात ते हेच. त्याच दिवसांत पांढऱ्या पेशीही घसरत जातात. आतड्याचं अस्तर सोललेलं, जंतूंना वाट मोकळी, आणि लढायला अंगात सैन्य नाही.

माझं तेच झालं. रात्री जुलाब सुरू झाले ते थांबेनात. नवऱ्याने जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडच्या गोळ्या आणल्या. पाकिटावर दिवसाची कमाल मर्यादा छापलेली होती, तिच्यापुढे जायची त्याची छाती झाली नाही. कशी होणार? इरिनोटेकॅनच्या जुलाबांत या गोळीचा हिशेब वेगळा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या पातळ जुलाबालाच ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम, शेवटच्या जुलाबानंतर बारा तास उलटेपर्यंत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४८ तासांच्या पुढे नाही. पाकिटावरच्या मर्यादेपेक्षा हे जास्त भरतं, म्हणूनच ते डॉक्टरांच्या सहीने, आधी, कागदावर लिहून मिळायला हवं. मला मिळालेल्या कागदावर पुढची तारीख होती आणि एक फोन नंबर होता. तो नंबर बाह्यरुग्ण विभागाचा. रात्री तो नुसता वाजत राहिला.

पहाटे ताप १००.४ च्या वर गेला. केमोनंतर एवढा ताप म्हणजे एक तासही न दवडता रुग्णालय गाठायचं, हेही मला नंतर, अतिदक्षता विभागात पडल्यावर कळलं. ओठ फाटले होते, लघवी जवळजवळ बंद झाली होती, रक्तदाब सापडत नव्हता. माझा मुलगा दाराच्या काचेतून बघत उभा होता आणि त्याच्याशी बोलायला माझ्या जिभेत ओल नव्हती. महोदय, कर्करोगाने मरायची तयारी मी मनाशी केली आहे. पाणी आणि मीठ वेळेवर न मिळाल्याने मरायची तयारी मी का करावी?

आता त्या तपासणीबद्दल. शरीरात गेल्यावर इरिनोटेकॅनचं एसएन-३८ नावाचं द्रव्य तयार होतं, मूळ औषधाच्या शेकडो पट जहाल. यकृतातलं यूजीटी१ए१ हे विकर (एन्झाइम) ते निष्प्रभ करून बाहेर टाकतं. काही माणसांत जन्मतःच हे विकर कमी बनतं. त्यांच्या अंगात जहाल द्रव्य साचत जातं. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात दहाजण असे असतात, दक्षिण आशियाई लोकांत त्याहून जास्त. अशांची सुरुवात कमी डोसने करावी, ही सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच औषधाच्या माहितीपत्रात घातली. २००५! त्या वर्षी जन्मलेली मुलं आज मतदान करतात. अशी माणसं बाहेरून ठणठणीत असतात, फक्त रक्तात बिलिरुबिन थोडं जास्त दिसतं. माझ्या कित्येक वर्षांपूर्वीच्या, कर्करोगाचं नावही नव्हतं तेव्हाच्या रिपोर्टांतही ते तसंच आहे. ते रिपोर्ट फाईलमध्ये होते. एकानेही ते उलटून पाहिले नाहीत.

फ्लुरोयुरॅसिलचंही असंच. ते मोडणारं डीपीडी नावाचं विकर ज्यांच्यात नसतं, त्यांना नेहमीचा डोससुद्धा प्राणघातक ठरू शकतो. युरोपच्या औषध संस्थेने २०२० पासून उपचाराआधी ही तपासणी करण्याची शिफारस केली आहे. या औषधाच्या विषबाधेवरचा उतारा, युरिडीन ट्रायॲसिटेट, ९६ तासांच्या आत द्यावा लागतो. रात्रीचा फोन उचलला गेला नाही तर त्यातले किती तास उरतात, ते आपणच मोजा.

मी औषधाच्या विरोधात लिहीत नाही, हे कृपया नीट वाचा. ते मला हवं आहे. चीनमधल्या एका झाडातून त्याचं मूळ द्रव्य १९६६ साली वेगळं करणाऱ्या दोघांपैकी एक होते नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी. ते मूळ द्रव्य इतकं विषारी निघालं की माणसांवरच्या त्याच्या चाचण्या सोडून द्याव्या लागल्या. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी त्यात बदल करून माणसाला सोसेल असं इरिनोटेकॅन घडवलं. एवढ्या लोकांनी इतकी वर्षं खर्ची घालून जे सुरक्षित केलं, ते आपल्या व्यवस्थेने एका कागदाच्या अभावी पुन्हा धोकादायक करून ठेवलं आहे.

आणि हे धोके काल कळलेले नाहीत. २००१ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत इरिनोटेकॅनच्या एका मिश्रणावर असलेल्या रुग्णांचे पहिल्या ६० दिवसांतले मृत्यू जास्त दिसले. तिथल्या तज्ज्ञांनी एकेक मृत्यू उकरून काढला. जुलाब, शरीर कोरडं पडणं, पेशी घसरणं, जंतुसंसर्ग, काहींत रक्ताच्या गुठळ्या. त्यानंतर सांगितलं गेलं की सुरुवातीच्या काळात रुग्णाला दर आठवड्याला तपासा. आपल्याकडे असा मृत्यू झाला तर दाखल्यावर काय लिहितात, ठाऊक आहे? कर्करोग. बस्स. औषध की हलगर्जी, हे कोणी विचारत नाही. मोजणीच नाही, म्हणून आपल्या अहवालात दोष नाही, म्हणून आपल्याला उत्तर द्यावं लागत नाही. ही सगळी यंत्रणाच अशी बांधलेली आहे. किती बाटल्या खरेदी झाल्या ते मोजतात, किती माणसं घरी सुखरूप राहिली ते मोजत नाहीत. नव्या वॉर्डाची फीत आपण कापलीत, खुर्च्या वाढल्या, सिस्टर तेवढ्याच राहिल्या. मग रुग्णाजवळ दहा मिनिटं बसून समजावून सांगणार कोण? संमतिपत्रावर सही घ्यायला मात्र माणूस असतो, कारण ती सही उद्या रुग्णालयाला वाचवते. मला वाचवणाऱ्या कागदाला या व्यवस्थेत जागा नाही. शिक्षणात हेच, रस्त्यांवर हेच, पाण्यात हेच. उद्घाटन होतं, पुढचं कोणी बघत नाही. माणूस कोसळला की चौकशी समिती, आणि समितीचा अहवाल कपाटात.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. पहिल्या डोसआधी यूजीटी१ए१ आणि डीपीडीची तपासणी सक्तीची करा. तिचा निकाल फाईलच्या पहिल्या पानावर लावा. औषध दिलेल्या प्रत्येकाच्या हातात त्याच्या भाषेतला कागद द्या: जुलाब झाले तर काय, ताप आला तर काय, गोळी किती, कुठवर, आणि कुठली औषधं वा काढे स्वतःहून घ्यायचे नाहीत. रात्रीचा फोन कर्करोगाचं काम कळणाऱ्या माणसाने उचलला पाहिजे. पुढचा डोस लावण्याआधी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १५०० च्या वर आहेत का आणि जुलाब पूर्ण थांबले आहेत का, हे विचारल्याची नोंद सहीनिशी व्हावी. केमोनंतर महिनाभरात झालेल्या प्रत्येक मृत्यूचं कारण तपासून जाहीर करा.

यातलं काहीही नवं संशोधन नाही. त्यातला फोन आणि तपासणी तर आपण स्वतः सभागृहात कबूल केलेली आहे.

माझा पुढचा डोस कमी करून ठरला आहे आणि मी तो घेणार आहे. त्याआधी मला आपल्याकडून पोच नको, आश्वासनही नको. आदेशाचा क्रमांक आणि तो कधीपासून लागू, ती तारीख हवी.

आपली,
एक रुग्ण