गॅरेजमधले उंदीर आणि आजीची गादी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रागावू नका, पण गॅरेजचं मी परस्पर ठरवून टाकलंय. शनिवारी सकाळी एक माणूस येईल. दाराखालचं रबर बदलेल, भोकं बुजवेल. त्याचे पैसे दिलेत, तेव्हा बाबा, "आमचं आम्ही बघू" म्हणून त्याला दारातून परत धाडू नका. दुसरं, विषाच्या वड्या आणायच्या नाहीत. तिसरं लिहायला हात अडतोय: भिंतीला टेकवून ठेवलेली आजीची गादी जाणार. आई, तुला काय वाटेल ते कळतंय गं. पण कोरडा कापूस, अंधार आणि वर्षानुवर्षं कुणी न हलवलेली जागा, यापेक्षा चांगलं बाळंतपणाचं ठिकाण उंदरीला मिळणार नाही. खोळ चांगली असेल तर काढून गरम पाण्यात धुऊन ठेव. ती मला हवी आहे.

तू पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकाला निमुळत्या. म्हणजे साधा घरातला लहान उंदीर आहे. घुशीच्या लेंड्या याच्या कितीतरी मोठ्या असतात, त्यामुळे घुशीची भीती काढून टाक. पण लहान उंदराची वेगळी अडचण. त्याला 6 मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल जिथून आत जाते तिथून तोही जातो. मादी तीन आठवड्यांत पाच-सात पिल्लं घालते आणि ती पिल्लं दोन महिन्यांच्या आत स्वतः गाभण राहू शकतात. म्हणून बाबा, तुम्ही पिंजऱ्यात दोन धरलेत हे खरं, पण त्याने काम संपत नाही.

विष का नको ते सांगते, म्हणजे माझ्यामागे गुपचूप आणणार नाही. त्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही. तीन ते सात दिवस लागतात आणि मरतो तो कपाटामागे नाहीतर छताच्या पोकळीत, जिथे हात पोचत नाही. मग वास. शिवाय सुस्तावलेला उंदीर आधी मनीच्या तोंडी लागणार. आणि बाबा, तुमची ती रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी आहे ना, ती आणि या वड्या एकाच कुळातल्या. वॉरफरिन 1948 साली उंदरांसाठीच बाजारात आलं, माणसांना द्यायला लागले ते 1954 पासून. तुमच्या अंगात ते आधीच मोजूनमापून जातंय, आणखी हाताला लागायला नको. काळी पूड मिळते ती तर उंबऱ्याच्या आत आणायचीच नाही. ती झिंक फॉस्फाइड असते, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू करते आणि तिच्यावर उतारा नाही.

चिकट पुठ्ठेही नकोत. उंदीर जिवंत तडफडत राहतो आणि सकाळी त्याचं काय करायचं हा प्रश्न आईच्या गळ्यात पडतो. प्लगमध्ये लावायच्या आवाजाच्या यंत्राबद्दल बाबांनी विचारलं होतं. तो आवाज खोक्यांआड पोचत नाही, आणि थोड्या दिवसांत उंदरांना त्याची सवय होते. डांबराच्या गोळ्यांनी उंदरांपेक्षा आईच्या दम्यालाच त्रास होईल.

सोबतच्या खोक्यात बारा चाप, म्हणजे खटक्याचे सापळे, पाठवलेत. बारा बघून हसू नका. दोन-तीन चाप लावून वाट बघत बसणं हीच नेहमीची चूक. पहिल्या काही रात्रींत एकदम जास्त धरले तरच संख्या खाली येते. ते दादा लावेल, संध्याकाळी येता-जाता. बाबा, तुम्ही नाही. बोटावर आपटला तर त्या गोळीमुळे हात आठवडाभर काळानिळा राहील. दादाला सांगा, चाप भिंतीला समांतर ठेवायचा नाही, काटकोनात ठेवायचा आणि आमिषाची बाजू भिंतीकडे. उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेने पळतो, मोकळ्या फरशीवर क्वचित येतो. दोन चापांत दोन मीटर अंतर. भिंतीवर खालच्या बाजूला काळपट तेलकट ओघळ दिसतो तो त्यांचा रोजचा रस्ता, तिथे दोन चाप शेजारीशेजारी.

आमिष म्हणून पीनट बटर, मटकीच्या दाण्याएवढं. जास्त लावलं की कडेने चाटून जातो आणि खटका पडत नाही. भोकं बुजवायच्या आधीचे दोन दिवस चाप न ताणता नुसतं आमिष लावून ठेवायचे. खायची सवय झाली की ताणायचे. तीन रात्री काही लागलं नाही तर आमिष बदलत बसू नका, चापच मीटरभर सरकवा. हे उंदीर आपल्या बिळापासून फार लांब भटकत नाहीत, त्यामुळे चुकते ती बहुतेक जागाच. आणि मनी रात्री घरात.

आता भोकं. बाहेरची भोकं बुजवायची आणि त्याच दिवशी आत चाप ताणायचे. नुसते चाप लावले तर बाहेरून नवे येत राहतात. नुसती भोकं बुजवली तर आत अडकलेले स्वयंपाकघराकडचं दार कुरतडतात. माणूस फोमची नळी काढून फवारायला लागला तर थांबवा. नुसता फोम उंदीर एका रात्रीत पोखरतो. नळाच्या पाइपाभोवतीच्या फटीत आधी स्टेनलेस स्टीलचा काथ्या गच्च कोंबायचा आणि वरून सीलंट. साधी तारेची घासणी नको, ती गंजून भुगा होते. वायरच्या बोर्डाजवळच्या भोकाला तारेचा काथ्या नकोच, तिथे फक्त सिमेंट. जाळी बसवायची असेल तर तिची भोकं 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत.

उंदरांचा खरा दरवाजा मात्र दाराखालच्या रबराचा डावा कोपरा आहे. फोटोत अर्धगोल कुरतडलेलं स्पष्ट दिसतंय, कडेला दातांच्या बारीक जोडरेघा आहेत. नवीन रबर लावूनही तो कोपरा पुन्हा कुरतडणार, म्हणून दोन्ही टोकांना पत्र्याची पट्टी मारायला सांगितली आहे. काम झालं की बाबा, तपासणी तुमची. भर दुपारी आत खुर्ची टाकून बसा, दार लावा, दिवा घालवा. डोळे अंधाराला सरावले की जिथून उजेडाची रेघ येईल तिथे खडूने खूण करा. खुर्चीवर बसून म्हटलंय, शिडीवर चढून नाही. माळा तुम्हाला बंद.

झाडणं हा तुझा विषय आई, म्हणून हात जोडून सांगते, कोरडा झाडू मारू नकोस. लेंड्यांची धूळ उडून थेट छातीत जाते. दादा आधी अर्धा तास दार उघडं ठेवेल. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, त्याच दिवशी कालवलेलं, लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटं भिजू देईल आणि कागदाने टिपून दोन पिशव्यांत बांधून टाकेल. हातमोजे आणि मास्क पाठवलेत. ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड मिसळायचं नाही, त्याचा विषारी वायू होतो. तू त्या वेळी घरात चहा पी. फरशी वाळली की मग हवं तितकं नीटनेटकं कर.

पाखरांच्या दाण्यांची गोणी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जाईल. प्लास्टिकचा डबा ते कुरतडतात, पण कागदपत्रांना तो चालतो, कारण त्यात खायला काही नसतं. ताईच्या वह्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून काढून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. मांडणी जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून थोडी सुटी हवी, म्हणजे मागे उजेड पडतो आणि ताजी लेंडी लगेच दिसते. निळ्या पेटीला कुणी हात लावणार नाही बाबा, दादाला बजावलंय. ती लोखंडी आहे, तिला काही होत नाही.

तुमच्या हत्यारांची जागाही तीच राहील, खुर्ची तिथेच, रेडिओ तिथेच. फक्त टेबलाखालच्या चिंध्या गेल्या पाहिजेत. मला ठाऊक आहे त्या "लागतील" म्हणून ठेवल्यात. लागल्या तर मी पाठवीन.

आणि गाडी. ती फारशी निघत नाही, म्हणून सुरू करण्याआधी बॉनेट उघडून बघायचं. एअर फिल्टरच्या डब्यात कागदाचे तुकडे किंवा कापूस दिसला तर किल्ली फिरवू नका, मेकॅनिकला बोलवा. वायरवरचं आवरण कुरतडलेलं असेल तर शॉर्ट होऊन आग लागते. रात्री बॉनेट उघडं राहिलं तरी चालेल, उंदरांना उघडी, बिनआडोशाची जागा आवडत नाही. फक्त बाबा, आधाराची दांडी खाचेत नीट बसली आहे ना ते दोनदा बघा. मागच्या वेळचं आई अजून विसरलेली नाही.

शनिवारी संध्याकाळी त्या डाव्या कोपऱ्याचा फोटो पाठवा, जवळून.

तुमची,
धाकटी