साठा दाखवा: केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात कॉम्प्युटर जुळवून देण्याचे काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण ॲनिमेशनचे आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी मुले, घरून काम करणारे अकाउंटंट असे असतात. त्यांच्यासाठी सुटे भाग आणायला मी बाजारात जातो आणि तिथे ‘माल नाही’ हे उत्तर वारंवार ऐकतो. ते उत्तर खरे की खोटे, हे आज कोणीही तपासत नाही. आपले मंत्रालय ते तपासू शकते. त्यासाठी नवा कायदाही करावा लागणार नाही. म्हणून हे पत्र.

खरी टंचाई असते, हे आधी मान्य करतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे, म्हणजे कॉम्प्युटर काम करताना वापरतो त्या मेमरीचे, जे झाले ते कोणा दुकानदाराने घडवलेले नाही. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि त्यांनी आपले उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. दुकानदार ‘हा भाव फक्त संध्याकाळपर्यंत’ असे सांगून कोटेशन देऊ लागले. जुन्या भावाने भरलेला माल नव्या भावाने विकणे हा व्यापार आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माल गोदामात ठेवून गिऱ्हाइकाला ‘नाही’ सांगणे, आणि मग अटी घालून तोच माल बाहेर काढणे, याला मात्र मी व्यापार म्हणणार नाही.

हे कसे चालते ते सांगतो. थ्रीडी ॲनिमेशन शिकणाऱ्या एका मुलीला ३२ जीबी रॅम हवी होती. तिचा प्रोजेक्ट रेंडर करताना मशीन बंद पडत होते. दुकानात उत्तर मिळाले, “सुटी रॅम नाही. मदरबोर्ड आणि प्रोसेसर घेणार असाल तर बघतो.” किती दिवस लागतील, असे मी विचारले. “दहा मिनिटांत गोदामातून येईल.” तिचा मदरबोर्ड जेमतेम वर्षभराचा होता. सबमिशन तोंडावर होते, म्हणून अडल्या हरीने जे करायचे ते तिने केले. तिन्ही वस्तू घेतल्या आणि नको असलेला मदरबोर्ड, प्रोसेसर पुढे तोटा सोसून विकून टाकला. तिच्या बिलावर तीन ओळी आहेत, तीन किमती आहेत, जीएसटी बरोबर लावलेला आहे. ते बिल पाहणाऱ्याला वाटेल की या मुलीने हौसेने नवा कॉम्प्युटर घेतला.

मंत्रिमहोदय, या सगळ्या प्रकारातली खरी अडचण त्या बिलात आहे. नकाराची पावती मिळत नाही. ज्याला ‘माल नाही’ सांगून परत पाठवले त्याच्या हातात काहीच नसते, आणि ज्याला जोडवस्तू घ्यायला लावल्या त्याच्या हातात जो कागद असतो तो दुकानदाराच्याच बाजूने बोलतो. ग्राहकाने तक्रार करावी, मग आम्ही कारवाई करू, ही पद्धत इथे लागूच पडत नाही.

हा प्रकार रॅमपासून सुरू झालेला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड भारतात आले तेव्हा कंपनीने सुरुवातीची किंमत २९,५०० रुपये सांगितली होती. त्या किमतीत ते प्रत्यक्ष विकत मिळालेला माणूस मला भेटलेला नाही. अशी कार्डे वापरून क्रिप्टो चलन मिळवणे, म्हणजे मायनिंग, जोरात होते, चिपची टंचाई होती, दुप्पट भाव सर्रास चालले होते. त्यावरही ‘सुटे कार्ड देत नाही, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट घ्यावे लागेल’ हे होतेच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो व्यवस्थेने मायनिंगची पद्धत सोडली आणि भाव उतरले. त्या काळात माझ्या हातात जी नवी कार्डे आली त्यांतल्या काही खोक्यांवर आयातदाराच्या स्टिकरवरचा महिना बराच जुना होता. म्हणजे आम्हाला ‘येतच नाही’ असे सांगितले जात होते तेव्हा ती देशात येऊन पडलेली होती. आपल्याच वैधमापन (लीगल मेट्रॉलॉजी) नियमांमुळे ते स्टिकर खोक्यावर असते. ते वाचायला कोणी आले नाही, इतकेच.

प्लेस्टेशन ५ या गेम खेळायच्या यंत्राची गोष्ट आपल्या कानावर आली असेल. १२ जानेवारी २०२१ ला भारतात बुकिंग उघडले आणि काही मिनिटांत संपले. डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. पुढे कितीतरी महिने अनेक ठिकाणी ते सुटे मिळायचे नाही. सोबत गेम, दुसरा कंट्रोलर, चार्जिंग स्टँड असा गठ्ठा घेतला की मिळायचे. मुलाला दहावीनंतर कबूल केलेली वस्तू म्हणून आलेले आईवडील मी त्या काउंटरवर मुकाट्याने पैसे देताना पाहिले आहेत.

एमआरपीचे संरक्षण आहेच की, असे कोणी म्हणेल. या वस्तूंवरची एमआरपी बहुतेक वेळा बाजारभावाच्या इतकी वर छापलेली असते की तीस-चाळीस टक्के जास्त घेऊनही दुकानदार तिच्या आतच राहतो. एमआरपीने इथे कोणाचे रक्षण होत नाही.

आता कायद्याकडे येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मी मुद्दाम बसून वाचला. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिले आहे. किंमत वाढावी म्हणून मालाचा साठा करून ठेवणे किंवा तो विकायला नकार देणे, हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. कलम २(४१) सांगते की एक वस्तू हवी असेल तर आधी दुसरी घ्या, ही अट प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला आपल्या मंत्रालयाच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवून खरेदीला भाग पाडणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. ‘फक्त २ खोल्या शिल्लक, आत्ता ३० जण पाहत आहेत’ अशा धर्तीचे उदाहरणही तिथे दिलेले आहे. हे सगळे वाचून मला खरोखर बरे वाटले होते. ज्याने कोणी हा मसुदा लिहिला त्याला बाजार ठाऊक आहे.

पण अंमलबजावणी कशी झाली? जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतः करायला सांगितले. नोव्हेंबरमध्ये २६ कंपन्यांनी आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत, असे स्वघोषणापत्र दिले. ऑनलाइन दुकानात ‘फक्त १ शिल्लक’ ही लाल अक्षरे अजूनही दिसतात. तो आकडा कशाचा आहे? एका विक्रेत्याचा, एका गोदामाचा, की सगळ्या देशाचा? परकी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेस (इतर विक्रेत्यांचा माल विकून देणाऱ्या) कंपन्यांना स्वतःचा साठा ठेवून विकायला परवानगी नाही, त्यामुळे साठा कागदोपत्री विक्रेत्यांचा असतो. एका विक्रेत्याकडे खरोखर एकच नग असेल आणि शेजारच्या विक्रेत्याकडे पाचशे असतील. ग्राहकाला दिसते ते फक्त ‘१’. हे खोटे ठरेल की खरे? २०१४ च्या सप्टेंबरात शाओमीच्या रेडमी १एस चे ४०,००० फोन ४.२ सेकंदांत संपले, तेव्हा निदान किती फोन होते हे तरी लोकांना कळले. आज तेवढाही आकडा कोणी सांगत नाही.

आणि दुकानांच्या काउंटरवर जे चालते त्याला तर डार्क पॅटर्नच्या सूचना लागूच होत नाहीत, कारण त्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मसाठी आहेत.

तपासणी सुरू झालीच तर ती गल्लीतल्या दुकानापासून होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बसलेला छोटा दुकानदार अनेकदा स्वतःच अडकलेला असतो. त्याला वरून सांगितले जाते की पाच ग्राफिक्स कार्डे हवी असतील तर न खपणारे वीस मदरबोर्ड उचला. ते वीस मदरबोर्ड तो कोणाच्या गळ्यात मारणार? पुढच्या गिऱ्हाइकाच्याच. या वस्तू बहुतांश आयात होतात आणि त्या आणणारे मोठे वितरक देशभरात मोजकेच आहेत. त्यांच्याकडे किती माल आला, किती गेला, किती पडून राहिला, हे बघितले की निम्म्या प्रश्नांची उत्तरे मिळतील.

ते बघणे अवघड नाही. आयात होणाऱ्या प्रत्येक मालाची नोंद कस्टमकडे आहे. विक्रीची नोंद जीएसटीत आहे. मोठ्या मालाच्या वाहतुकीचे ई-वे बिल आहे. रॅम आणि कार्डांवर सीरियल नंबर असतात आणि वितरक वॉरंटीसाठी त्यांची नोंद ठेवतातच. मोबाइलच्या बाबतीत तर १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या विक्रीआधी प्रत्येक हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. एवढी माहिती हाताशी असताना ‘माल आहे की नाही’ हा प्रश्न फक्त दुकानदाराच्या शब्दावर का सोडायचा?

आपलेच मंत्रालय गव्हाच्या व्यापाऱ्यांना दर शुक्रवारी पोर्टलवर साठा जाहीर करायला लावत आले आहे. लॅपटॉप आणि रॅमला जीवनावश्यक वस्तू ठरवा, असे मी म्हणत नाही. तसे केले तर इन्स्पेक्टरांचा जाच वाढेल आणि छोटा माणूस भरडला जाईल. पण ज्या काळात एखाद्या वस्तूचे भाव काही महिन्यांत दुप्पट होतात, त्या काळापुरते मोठ्या वितरकांकडून आणि मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून साठ्याचे विवरण मागवणे प्राधिकरणाला जमण्यासारखे आहे. त्याला स्वतःहून चौकशी सुरू करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. रॅमपासून सुरुवात करावी. सहा महिन्यांचे आकडे मागवावेत आणि ते कोणाही नागरिकाला पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत. टंचाई खरी निघाली तर दुकानदारांवरचा संशय जाईल, तेही चांगलेच होईल.

जोडविक्रीबद्दल एक साधा आदेश पुरेल. गठ्ठ्यात विकली जाणारी प्रत्येक वस्तू त्याच दुकानात, त्याच वेळी, सुटीही मिळाली पाहिजे आणि तिची सुटी किंमत गठ्ठ्याच्या किमतीशेजारी लिहिलेली असली पाहिजे. स्वस्त पडतो म्हणून कोणी गठ्ठा घेतला तर घेऊ दे. सक्तीने घ्यायला लावू नये. आणि जे ऑनलाइन दुकान शिल्लक मालाचा आकडा पडद्यावर दाखवते त्याने तो आकडा कुठून आला याची नोंद ठेवावी, प्राधिकरणाने मागितली की द्यावी. ज्याला नोंद ठेवायची नसेल त्याने आकडा दाखवू नये.

याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकारीही अशा प्रथांची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात. पुणे, मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई या शहरांत या वस्तूंचे मोठे बाजार आहेत. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आपण अहवाल मागवावा. साध्या वेशातले दोन कर्मचारी दुकानात जाऊन सुटी रॅम मागतील तर मी वर लिहिलेला संवाद त्यांना तिथेच ऐकायला मिळेल.

माझ्याकडे गेल्या काही महिन्यांतली कोटेशन्स आहेत, ज्यांवर सुट्या मालापुढे ‘नाही’ आणि त्याच मालाच्या गठ्ठ्यापुढे ‘लगेच’ असे लिहिलेले आहे. दुकानांची नावे मी इथे छापणार नाही, कारण चौकशीआधी कोणाला दोषी ठरवणे योग्य नाही. आपल्या विभागाचा अधिकारी मागेल त्या दिवशी ती सगळी त्याच्या हाती देईन.

आपला,
कॉम्प्युटर जुळवून देणारा एक पुणेकर