पडवीच्या भिंतीसाठी आलेली नोटीस: माननीय पंचायतमंत्र्यांस खुले पत्र

माननीय पंचायतमंत्री, गोवा सरकार,
सादर नमस्कार.

पेडणे तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित कौलारू घराला पंचायतीची नोटीस आली आहे. ‘विनापरवाना बांधकाम सात दिवसांत काढून टाकावे’ या वाक्याखेरीज तीत फक्त सर्व्हे क्रमांक आहे. घराचा कोणता भाग, किती चौरस मीटर, पाहणी कोणी व कधी केली, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही.

गेल्या आषाढात पडवीची मातीची भिंत एका रात्रीत कोसळली आणि वासे लोंबकळू लागले. आठवड्याच्या आत मी दुरुस्तीच्या परवान्यासाठी अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र आजतागायत नाही. चवथ तोंडावर आलेली आणि घरात ऐंशी वर्षांची आई, म्हणून जुन्याच पायावर चिऱ्यांची भिंत उभारून उतरवलेली कौले पुन्हा चढवली. सर्वेक्षणाच्या नकाशावरील घराची आकृती आजही जुळते. अपवाद एकच: आईला आधार धरून वावरता यावे म्हणून मागचे न्हाणीघर मी सुमारे दीड मीटर वाढवले, आणि त्यासाठी परवाना घेतला नाही. ही चूक माझी आहे. नियमाप्रमाणे दंड भरण्यास, आणि नियमित होत नसल्यास तेवढा भाग स्वखर्चाने काढण्यास मी तयार आहे.

रस्त्यांलगतच्या व शेतांतील बेकायदा बांधकामांवर कारवाई करण्याचा जो आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये दिला, तो मला मनापासून पटतो; बुजवलेली शेते मीही पाहतो. परंतु 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले आहे की पाडकामापूर्वी किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी, तीत उल्लंघनाचे स्वरूप लिहावे आणि मालकाचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकावे. यांतले काहीच आमच्या बाबतीत झालेले नाही.

आमच्या घराची मोजणी आमच्यासमोर होऊन पंचनामा व्हावा, आणि गोवा पंचायत राज कायदा, 1994 च्या कलम 66 खाली आलेल्या दुरुस्तीच्या अर्जांना पंचायतींनी मुदतीत लेखी उत्तर द्यावे, असे निर्देश आपण द्यावेत. ‘नाही’ असे उत्तर आले असते, तरी निदान मला त्याचे कारण कळले असते.

यंदा देवघराची भिंत फुगली आहे. तिच्या दुरुस्तीचा अर्ज मी दिला असून परवाना हाती येईपर्यंत एक चिराही हलवणार नाही. मृगापूर्वी त्यावर निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपला विनम्र,
पेडणे तालुक्यातील एक घरमालक