मूळ चित्र नेमकं कुणाच्या हातचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या ॲनिमेटेड परीकथापटांची मूळ चित्रं जमवणाऱ्यांवरचा लेख वाचला. मी स्वतः मुंबईत जाहिरातपटांच्या एका स्टुडिओत बरीच वर्षं सेल, म्हणजे आकृती रंगवायच्या पारदर्शक शीट, रंगवले आहेत, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. पण हिमगौरीच्या सेलखाली ‘ॲनिमेटरच्या हातचं मूळ चित्र’ अशी फोटोओळ पाहिली आणि हे पत्र लिहायला घेतलं.

सेलला ॲनिमेटरचा हात लागतच नाही. तो पेन्सिलीनं कागदावर काढतो. त्या कागदावर पारदर्शक शीट ठेवून वरून शाईची रेघ ओढायची, ती वाळली की शीट उलटी करून मागून रंग भरायचा, हे वेगळ्या खात्याचं काम. डिस्नेकडे त्याचं नाव इंक अँड पेंट. तिथे बहुतेक सगळ्या बायका, आणि खातं सांभाळायला वॉल्ट डिस्नेंच्या मेहुणी हेझल सूएल. १९३८ साली नोकरी मागणाऱ्या एका मुलीला कंपनीनं लेखी कळवलं होतं की कल्पकतेचं काम फक्त तरुण पुरुष करतात, बायकांना सेलवर रेघा ओढण्याचं आणि रंग भरण्याचं तेवढं मिळेल. त्याच्या काही महिनेच आधी, डिसेंबर १९३७ मध्ये, हिमगौरीचा ‘स्नो व्हाइट’ पडद्यावर आला होता. त्यातल्या राजकन्येच्या गालांवरची लाली याच बायकांनी सेलमागून सेल हातानं चढवली होती. श्रेयनामावलीत त्यांचं नाव शोधू नका, नाही सापडायचं. आज हजारो डॉलर मोजून लोक भिंतीवर लावतात ते मात्र त्यांच्याच हातचं काम.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याकडे ‘स्लीपिंग ब्यूटी’तल्या (१९५९) मेरीवेदर परीचा एक सेल आहे. निळ्या झग्यातली ती ठेंगणी, भांडखोर परी. डिस्नेलँडमध्ये आर्ट कॉर्नर नावाचं दुकान होतं, तिथे असे सेल पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून अगदी थोड्या डॉलरला विकत, पर्यटकांनी आठवण म्हणून न्यावेत म्हणून. भाच्यानं तो मला दाखवला तेव्हा मी आधी उलटा केला. पुढून सगळेच बघतात. रंगवणारीचं कसब मागून कळतं. सेलवर रंग घासायचा नसतो. कुंचल्यावर भरपूर रंग घेऊन तो थेंब रेघेपर्यंत ढकलत न्यायचा, नाहीतर उजेडात ओरखडे दिसतात. या सेलवर एक ओरखडा नव्हता. झग्याची कड काळी नाही, गडद निळ्या शाईची. चेहऱ्याची रेघ वेगळी, केसांची वेगळी. आणि त्या शीटला स्वतःची किंचित करडी झाक असते, त्यामुळे एकावर एक सेल ठेवले की खालच्या थरातला तोच निळा मळकट दिसतो. मग तो थोडा उजळ मिसळावा लागतो. हे सगळं प्रेक्षकाला कळू नये म्हणूनच करायचं!

१९६० च्या सुमारास डिस्नेकडे पेन्सिलीची रेघ झेरॉक्सनं थेट सेलवर उतरू लागली. म्हणजे जवळजवळ सगळी रेघ हातानं ओढलेला त्यांचा शेवटचा मोठा परीकथापट हा ‘स्लीपिंग ब्यूटी’च.

लेखात आणखी एक गफलत आहे, आणि ती एखाद्याच्या खिशाला चाट लावील. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चे (१९९१) ‘चित्रीकरणात वापरलेले सेल’ मिळतात, असं त्यात म्हटलं आहे. तसे सेल नाहीतच. सेलवर झालेला डिस्नेचा शेवटचा मोठा चित्रपट ‘द लिटल मर्मेड’ (१९८९). पुढच्या वर्षीपासून रंगकाम संगणकावर गेलं. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चे जे सेल बाजारात दिसतात ते चित्रपटानंतर, विकण्यासाठी म्हणून मुद्दाम रंगवलेले. आवडले तर जरूर घ्यावेत, पण कॅमेऱ्याखालून गेलेल्या सेलचा भाव देऊन नव्हे. तसंच पार्श्वभूमीचं. १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्व्हाझिए गॅलरीनं ‘स्नो व्हाइट’चे सेल विकले, तेव्हा पुष्कळदा आकृती कापून लाकडी पापुद्र्यावर किंवा फवाऱ्यानं रंगवलेल्या कागदावर चिकटवली. त्यालाही आता जुनेपणाचं मोल आहेच, पण मागचं ते लाकूड पडद्यावर कधी आलेलं नाही. खरोखर ॲनिमेटरच्या हातचं काही हवं असेल तर पेन्सिलीचा कागद घ्यावा, खाली पेगची, म्हणजे कागद जागेवर बसवणाऱ्या खुंट्यांची, भोकं असलेला. सेलपेक्षा तो बहुधा स्वस्तच मिळतो, कारण लोकांना रंग हवा असतो.

हे काम आमच्यापर्यंत आलं तेही काही अंशी डिस्नेकडूनच. १९५६ मध्ये क्लेअर वीक्स हे तिथले जुने ॲनिमेटर मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले, आणि १९५७ साली तिथे जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ झाला. त्याचे सेल कुणी जपून ठेवले असतील तर त्यावर तुमच्या वार्ताहरानं जरूर लिहावं.

शेवटी, सेल दिवाणखान्यात काचेत लावण्याचा लेखातला सल्ला. आपल्याकडच्या पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो, आणि काच काढताना परीचं नाक काचेबरोबर येतं. काच आणि सेल यांच्यात पुठ्ठ्याची चौकट हवीच. ऊन नको. ओल्या फडक्यानं तर मुळीच पुसू नये, रंग पाण्यात विरघळतो. आणि चौकट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो सेल बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवावा. ॲसिटेट, म्हणजे शीटचं प्लॅस्टिक, कुजायला लागल्याची ती खूण आहे.

कळावे,
एक माजी सेल-पेंटर, डोंबिवली