बागेतल्या काकूंना, सगळ्यांसमोर थँक्यू

काकू, नाव लिहायचं नाही असा तुम्ही आधीच दम दिलाय म्हणून नुसतं काकू. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, पाणी घातलंस का" म्हणून विषय बदलता, त्यामुळे इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या घरात दुधीचं एक जुनं वाण होतं, आजी दरवर्षी त्याचं बी धरायची, तिच्यानंतर आईने धरलं. बुटका, मानेकडे वाकडा, फिक्या हिरव्यावर पांढरट ठिपके, बाजारातल्या कुठल्याच पाकिटावर न दिसणारा. आई गेल्यावर एका ग्रुपने "आम्ही जतन करतो" म्हणून बी नेलं, तेही मूठभर नाही, अख्खी बरणी. फोटो झाले, बॅनर झाला, टाळ्या झाल्या. पुढच्या हंगामात थोडं बी परत मागितलं तर आधी "बघतो", मग "ताई आमच्याकडे खूप सॅम्पल असतात", आणि नंतर नुसत्या निळ्या टिक. ते सडलं की कुणी झाडलोट करताना फेकलं, आजपर्यंत कळलेलं नाही. दुसरे एक जाणकार म्हणाले, एवढं काय त्यात, हायब्रिड लावा, दुप्पट येईल. येईलही, हायब्रिडशी माझं भांडण नाही, पण एफ-वन हायब्रिडचं, म्हणजे दोन वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीचं, बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसाच दुधी येईल याची खात्री नसते, आणि मला भरपूर दुधी नकोच होता हो, मला तोच दुधी हवा होता.

मग आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, एका कागदाच्या पुडीत 14 बिया निघाल्या. तेवढ्याच.

ती पुडी घेऊन, सगळे मिळून सांभाळतात त्या तुमच्या बागेत आले तेव्हा मी अर्धी भांडायच्याच तयारीत होते. तुम्ही मातीचे हात धुतलेत, उलट्या बादलीवर बसलात, पुडी ओढणीवर उलटी केलीत आणि माझ्यादेखत एकेक बी बोटाने सरकवत मोजलंत. 8 ठेवल्यात आणि 6 मला परत दिल्यात. "सगळ्या मला देऊ नकोस, उद्या इथे उंदराने डाव साधला तर काय करशील?" आणि मग पुडीवर पेनने लिहिलंत, किती आल्या, किती परत गेल्या, तारीख. बस, एवढंच. पण काकू, बरणी नेणाऱ्यांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मी घरी जाऊन ती पुडी हातात धरून रडले, आणि तोवर एकही बी रुजलेलं नव्हतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की बियाणं जपून ठेवणाऱ्या मोठमोठ्या बँकाही हेच करतात. नॉर्वेत स्वालबार्डला बर्फात डोंगर कोरून 2008 मध्ये जी बियांची तिजोरी सुरू झाली, तिथे ठेवलेल्या बिया म्हणजे जास्तीची प्रत, मालकी ज्याची त्याचीच राहते. सिरियात युद्धामुळे अलेप्पोजवळच्या बँकेत काम करणं अशक्य झालं तेव्हा त्या लोकांनी 2015 मध्ये स्वालबार्डहून आपल्याच बिया परत मागवल्या, आणि त्या मिळाल्या. मिळाल्या! निळ्या टिक नाहीत. तुम्ही त्याच अकलेने वागलात, तेही उलट्या बादलीवर बसून.

8 पैकी 3 उगवल्या, एक रोप गोगलगायीने खाल्लं, राहिले दोन वेल. इथपर्यंत मला वाटलं होतं की आता काय, दुधी लागला की झालं. तेव्हा तुम्ही सांगितलंत की बागेत दुधीची आणखी वाणं आहेत, काकडीशी त्याचं जमत नाही पण दुधीचं दुधीशी लगेच जमतं, पतंग आणि माश्या ह्या फुलावरून त्या फुलावर जाणारच, आणि मग फळ दिसेल आपलं पण आतलं बी भलतंच असेल. म्हणून दुपारीच कळ्या दोऱ्याने बांधायच्या. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे तो दुखरा गुडघा घेऊन तुम्ही अंधार पडताना वेलाशी हजर, मी मोबाईलचा टॉर्च धरलेला, आणि तुम्ही नर फुलाच्या पाकळ्या सोलून मादी फुलाला परागकण लावताय, तिच्यामागे अंगठ्याएवढा, केसाळ, आत्ताच वाकडा झालेला दुधी. तो वाकडेपणा बघून मी टॉर्च हलवला आणि तुम्ही ओरडलात.

ह्याचे तुम्हाला कुणी पैसे देत नाही, सर्टिफिकेट नाही, तुमच्या घरचं वाणही नाही. पाणी घालणारी कॉलेजची पोरं, कंपोस्टची बादली उचलणारे ते न बोलणारे दादा, सगळे असेच, कुणाच्या तरी आजीच्या दुधीसाठी घाम गाळतात. साधी माणसं आहेत आणि दिलेला शब्द पाळतात, मला तर हल्ली ह्याचंच अप्रूप वाटतं. परंपरा, वारसा असले शब्द तुमच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. बॅनरवर मात्र दोन्ही होते.

बियाण्यासाठी राखलेला दुधी वेलावरच वाळला, साल लाकडासारखी टणक, हलवला की आत खुळखुळ. शेकड्यांनी बिया निघाल्या. मी नाचत होते आणि तुम्ही म्हणालात, अजून हुरळून जाऊ नकोस, दोनच वेलांचं रक्त आहे हे, तुझ्याकडच्या त्या 6 पण लाव, वेल वाढव, आणि बी चार घरांत ठेव. ठेवलंय. प्रत्येक पुडीवर आकडा आणि तारीख आहे, तुमच्या अक्षरापेक्षा माझं बरं आहे.

त्या ग्रुपमधल्या एकांचा परवा मेसेज आला, प्रदर्शनासाठी थोडं बी मिळेल का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही "देऊन टाक गं" म्हणाल हे माहितीये, म्हणूनच तुम्हाला विचारलेलं नाही.

आणि हो, शनिवारी पाण्याची पाळी माझी आहे. तुम्ही यायचं नाही, गुडघा शेकत घरी बसायचं. आलात तर गेटवरूनच परत पाठवीन.