लाल गाडी बघून आलो

सोलापूर, रविवार रात्र

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर तू विचारलंस, "आप्पा, गाडी कशी आहे?" आणि मी नुसतं "बरी आहे" म्हणालो. जे सांगायचं होतं ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून जेवणं झाल्यावर लिहायला बसलोय.

मिस्त्रीचाचांना घेऊन साडेसहालाच होटगी रोडला गेलो. गाडी थंड असतानाच बघायची, मालकाला आधी चालू करू द्यायची नाही, असं त्यांनी कालच बजावलं होतं. शेडमधली ताडपत्री ओढली आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मीही गप्प झालो. तू सातवीत असताना पार्क चौकात अशीच एक सॅन स्टॉर्म, ती दोन माणसांची छोटी स्पोर्ट्स कार, थांबली होती. लुनावरून उतरून तू तिच्याकडे बघत उभी राहिलीस ती सिग्नल सुटला तरी हलेनास. वीस वर्षांनी तू स्वतःच्या पैशानं ती घ्यायला निघालीस याचा मला आनंद आहे. पुढचं सगळं हे धरूनच वाच.

आता गाडी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ६० अश्वशक्ती. आजच्या हिशेबानं फार नाही, पण गाडी दोन माणसांची आणि हलकी, त्यामुळं पुरतं. चाचांनी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र, लावलं. तीन सिलिंडर बरोबरीचे, चौथा जरा उतरलेला. ऑइलचं झाकण काढून बोट फिरवलं, पांढरा फेस नव्हता, म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नाही. चालू केल्यावर धूरही विशेष नाही. इंजिनाची मला काळजी वाटत नाही.

काळजी खाली आहे. बॉडी फायबरची, ती गंजत नाही, म्हणून वरून गाडी बावीस-तेवीस वर्षांची वाटतच नाही. पण आतली चौकट लोखंडाचीच. चाचांनी ड्रायव्हरच्या सीटखालचं कार्पेट उचललं तर ते ओलसर. कापडी छताच्या शिवणीतून पावसाचं पाणी वर्षानुवर्षं तिथंच मुरलंय. मग ते गाडीखाली झोपले आणि स्क्रूड्रायव्हरनं चौकट टोचत गेले. पुढं टणटण आवाज येत होता. डाव्या मागच्या चाकाजवळ आवाज बदलला, आणि चपातीचा पापुद्रा निघावा तसा तळहाताएवढा गंजाचा पापुद्रा त्यांच्या छातीवर पडला. तो मी कागदात बांधून आणलाय. तू आलीस की दाखवतो.

वेल्डिंग होईल. पण फायबर शेजारी असताना आगीचं काम जपून करावं लागतं, बॉडी तेवढ्यापुरती उचलावी लागेल, आणि उघडल्यावर अजून किती खाल्लंय ते कळेल. चाचांनी अंदाज दिला तो असा: चौकट पन्नास हजारांच्या पुढं, चारही टायर, ब्रेकचं सगळं रबर, क्लच, रेडिएटर, छताचं कापड मिळून आणखी लाख-सव्वा लाख. टायरवरची नक्षी नव्यासारखी आहे, पण बाजूचा आकडा ३२१४. म्हणजे २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातलं टायर. उभ्या उभ्या कडक झालंय. त्याच्यावर तू पुणे रस्त्याला लागलेली मला चालणार नाही.

सुट्या भागांचं म्हणशील तर हे इंजिन परदेशात क्लिओ आणि ट्विंगोला बसायचं, त्यामुळं इंजिनाचं सामान बाहेरून मागवता येतं. कुरिअर आणि कस्टम भरायची तयारी हवी. पण समोरची काच, दाराचा पत्रा म्हणजे फायबर, दिवे, हे कुठल्या दुकानात मिळणार? ही गाडी मुळात थोडीच बनली आणि आता बनतही नाही. एक काच तडकली तर गाडी महिनोन्‌महिने उभी.

उभी राहणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. तुझ्या जन्माच्या आधी मी चार जुने माग स्वस्तात घेतले होते. विकणाऱ्यानं चालवून दाखवले, मी भाव पाडला, खुशीत घरी आलो. दीड महिन्यात दोन मागांचे गिअर गेले, आणि त्या बनावटीचं सामान ना अशोक चौकात, ना इचलकरंजीला. पाच महिने ते माग कारखान्यात नुसते उभे. जागेचं भाडं चालू, जॉबरचा, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याचा, पगार चालू. तुझ्या आईनं पाटल्या गहाण ठेवायला काढून दिल्या तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. मी घेतानाची किंमत मोजली होती, सांभाळायची मोजलीच नव्हती. तुझ्या साडेसहा लाखांपैकी साडेचार गाडीला आणि उरलेले "बघू" असं तू म्हणालीस ना, तेव्हा मला त्या पाटल्याच आठवल्या.

कागदांचं तर जास्तच बघायला हवं. नंबर गोव्याचा, नोंदणी २००२ ची, आरसी बुकावर नाव पहिल्या मालकाचं. आताचा विकणारा तिसरा. मधे दोनदा गाडी विकली गेली आणि दोन्ही वेळा मालकी बदलाचे सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० हातोहात फिरले. पहिला मालक हयात आहे का, हेच याला ठाऊक नाही. नसेल तर आधी गाडी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ नं करावी लागेल, मग तुझ्या. शिवाय गोव्याच्या आरटीओची फॉर्म २८ वर एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, मग इथला कर, मग एमएच नंबर. त्यात चाचांनी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली तर शेवटून तिसरा आकडा उमटलाच नाही. आरटीओत नेमकी हीच पेन्सिल प्रिंट मागतात. हे निस्तरल्याशिवाय विसार म्हणून पाच हजारसुद्धा देऊ नकोस.

नोंदणी २०२७ मध्ये पुन्हा संपते. वीस वर्षांवरच्या मोटारीला आता नूतनीकरणाचे दहा हजार आहेत, वर जीएसटी आणि पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीत पास व्हायला हवी. व्हिंटेजमध्ये टाकता येईल का, असं तू विचारलंस. नाही येणार. त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात.

विम्याचं मी आपल्या एजंटला विचारलं. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि आपण बोलून ठरवायची असते. ती ते फारच कमी धरतात. अपघात झाला तर रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात आणि फायबरवर ३० टक्के. इथं तर सगळी बॉडीच फायबरची.

पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, चार पैसे शेतकऱ्याला मिळतात. पण २००२ च्या गाडीच्या नळ्या आणि सील त्याच्यासाठी केलेले नाहीत, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिना महिना उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या, सील सगळं बदलायचं आणि दर आठवड्याला गाडी फिरवायची, हे धरूनच चाल.

पैशाचं झालं. आता जे मला सगळ्यात जास्त खातंय ते. या गाडीला एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस नाही. मी आत बसलो तेव्हा बाहेर उभ्या टेम्पोचं चाक माझ्या खांद्याला लागेल इतकं वर होतं. गळीत हंगामात टेंभुर्णी ते इंदापूर रस्ता रात्री कसा असतो ते तुला माहीत आहे. उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर मळलेले. त्यात एवढी ठेंगणी गाडी कुणाच्या आरशात दिसणार? ऑक्टोबर ते मार्च या गाडीनं रात्री सोलापूरला यायचं नाही. ही माझी विनंती नाही सोनू, अट आहे.

मी नको म्हणत नाही. तू नोकरीची गाडी विकून ही घेणार असशील तर मात्र नको म्हणेन, कारण रोज हिच्या भरवशावर ऑफिस गाठता येणार नाही. ती ठेवून ही हौसेची म्हणून घे. पुण्यात झाकलेली पार्किंगची जागा आधी बघ, उघड्यावर दोन पावसाळ्यांत चौकट उरणार नाही. आणि मी मालकाला सांगून आलोय: पहिल्या मालकाचा किंवा वारसाचा पत्ता लावा, चेसिस नंबरचं आरटीओतून बघून घ्या, मग आम्ही तीन लाखांवर बोलू. तीनच. अडीच लाख तू बँकेत वेगळे ठेव, दुरुस्तीचे, त्याला हात लावायचा नाही. उरतील ते तुझे.

मालक थोडा घुश्शात आला, पण नाही म्हणाला नाही. दीड वर्ष झालं, घेणारं कुणी फिरकलं नाही त्याच्याकडं.

चाचा म्हणाले, पोरीला एकदा गाडीखाली झोपवा, वरून बघून तिला काही कळायचं नाही. तर शनिवारी रात्री रेल्वेनं ये, रविवारी सकाळी गाडी बघायला पुन्हा जाऊ. जुने कपडे आण. आई शेंगाचटणी कुटून ठेवतीय, जाताना डबा विसरू नकोस.

तुझे,
आप्पा